देवी उजव्या हाताला

गोवर्धनमामांच्या घरामागे, आंब्याखाली, वाटेला दोन फाटे फुटत होते. भगवतीबाई तिथवर आल्या आणि खांबासारख्या उभ्या राहिल्या.

"मी उजवीकडनं न्हाय जायाची," त्या म्हणाल्या.

"का गं?" नवीनने विचारलं. त्याने आज नवी टेर्गलची पँट घातली होती आणि हातात उगीचच एक काठी घेतली होती.

"वर कोण बसलंय?"

नवीनने वर पाहिलं. दरीच्या मधोमध एक गोलसर टेकडी होती, बांबूने आणि उंच गवताने भरलेली. माथ्यावर लाल झेंड्याची काठी दिसत होती. "कालीमाई," तो म्हणाला.

"मग? उजवीकडनं गेलं की माई डाव्या हाताला येती. डाव्या हाताला घेऊन कवा फिरत्यात ठावं हाय ना? खांद्यावर मडकं घेतल्यावर."

"आई, आपण प्रदक्षिणा घालत नाही आहोत. आपण फिरायला आलोय."

"तू आलास फिरायला. वाट गोल, ती मधी बसलेली. तू घाल नायतर नको घालू, प्रदक्षिणा होणारच."

चंद्रिका इनूचा हात धरून जरा मागे उभी होती. तिने भूगोल घेऊन पदवी मिळवली होती, आणि भूगोलाच्या दृष्टीने सासूबाईंच्या बोलण्यात चूक काढता येण्यासारखी नव्हती. वाट खरोखर गोल होती. तरी मडक्याचं ऐकून तिच्या ओठांवर थोडं हसू आलं. भगवतीबाईंनी ते पाहिलं आणि पदर खोचला.

ही सहल नवीनची कल्पना. ऑक्टोबर लागला होता, बेटावर उन्हाळा सुरू होत होता, आंब्यांना कैऱ्या धरल्या होत्या, अर्धा ऊस कापून झाल्याने दरी मोकळी दिसायला लागली होती. क्वात्र बॉर्न शहरातल्या घरात चंद्रिका रात्री उठून झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरते, दूध तीनदा उकळते, आणि कामियों, म्हणजे मालट्रक, रस्त्यावरून गेला की खिडकीशी धावते, हे त्याने तीन वर्षं पाहिलं होतं. मोकळ्या हवेत हिचं मन सैल होईल असं त्याला वाटलं. म्हणून रविवारी ब्रीझे वेर्दिएरला मामांकडे यायचं, जेवणाआधी दरीतून एक गोल फेरी मारायची, असं ठरलं. चंद्रिकेने सैल मनाने येताना पिशवीत उकळून गार केलेलं पाणी, डेटॉल, पट्ट्या आणि दोन जास्तीचे फ्रॉक घेतले होते.

"मग असं करू," नवीन म्हणाला. "तू डावीकडून जा, आम्ही उजवीकडून येतो. वाट एकच आहे. पलीकडे नदीच्या उतारावर गाठ पडेल. न पडून जाईल कुठे?"

"मो आल आजी," इनू म्हणाली. मी आजीबरोबर जाणार, हा तिचा हट्ट. भूक, झोप आणि हट्ट या तीन गोष्टी तिला क्रिओलमध्येच सुचत. शिवाय आजीच्या पदराच्या गाठीला भाजलेल्या पिस्तास होत्या, आणि शेंगदाण्यांच्या बाबतीत इनूचं आईवर फारसं प्रेम नव्हतं.

"जाऊ दे की तिला," नवीन म्हणाला.

चंद्रिकेने हात सोडला. कसा सोडला ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. बोटं उघडली आणि पोरगी निसटली, एवढंच. लाल फ्रॉक आणि पांढरी साडी उसाच्या वळणाआड गेली आणि मागे नुसतं पानांचं सळसळणं उरलं.

"त्या वाटेला विहीर नाही ना हो?"

"विहीर कुठली उसात."

"कुत्री?"

"चंद्रिके, माझी आई या दरीत वाढली आहे."

"इनू नाही वाढली."

नवीनने शीळ घालायला सुरुवात केली. तो घाबरत नसला की शीळ घालायचा, आणि तो कधीच घाबरत नसे.

उजवीकडची वाट सावलीची होती. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला तारेचं उंच कुंपण. कुंपणाआड बड्या लोकांचं लाशास होतं, म्हणजे हरणांच्या शिकारीचं रान. खांबांना ठिकठिकाणी पाट्या ठोकल्या होत्या आणि त्यांवर फ्रेंचमध्ये धोका लिहिला होता. चंद्रिकेने प्रत्येक पाटी वाचली. नवीनने एकही वाचली नाही, कारण मामांनी सांगितलं होतं की शिकारीचा मोसम संपला.

"संपला म्हणजे कधी?"

"गेल्या महिन्यात."

"आणि शिकाऱ्यांना कुणी कळवलंय का?"

तेवढ्यात कुंपणाआड बार झाला. ठो. जांभळाच्या झाडावरून कोंदे पक्ष्यांचा थवा भुर्रकन उठला. चंद्रिकेने नवीनचं मनगट धरलं आणि त्याला एका काळ्या दगडामागे खाली ओढलं.

"अगं, रखवालदार माकडं हाकलत असेल," नवीन गुडघ्यांवर बसून म्हणाला. "फटाका लावतात."

"माकडं का हाकलतात?"

"पिकाची नासाडी करतात म्हणून. हातातलं खाणंसुद्धा ओढून नेतात."

इनूच्या हातात खाणं होतं. चंद्रिकेला ते लख्ख दिसलं: शेंगदाण्यांची मूठ, तिच्या दिशेने येणारा केसाळ हात, आणि सासूबाई दुसरीकडे बघून कुठल्यातरी चुलत्याच्या लग्नाची गोष्ट सांगतायत. उठावं तर बंदूक, बसावं तर माकडं. दुसरा बार झाला तशी ती आणखी खाली दबली. नवीन उठायला लागला की ती त्याला खाली ओढायची. बऱ्याच वेळाने रान शांत झालं तेव्हा टेर्गलची पँट दोन्ही गुडघ्यांवर हिरवी झाली होती आणि त्याची शीळ बंद पडली होती.

"उशीर झाला," ती म्हणाली. "त्या उतारावर येऊन थांबल्या असतील."

"मग चांगलंच आहे."

"पाण्याजवळ थांबल्या असतील."

त्यानंतर ती चाललीच नाही, धावली. नवीन काठी घेऊन मागून. टेकडी डाव्या हाताला सरकत होती आणि वरची ती झेंड्याची काठी प्रत्येक वळणावर त्यांच्याकडे वळून पाहत असल्यासारखी वाटत होती. चंद्रिकेचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी तिने तिकडे बघायचं टाळलं.

उतारावर कुणी नव्हतं. नदी दगडांतून वाहत होती, फार मोठी नव्हे, पण आवाज मोठा. सायक्लोनने जुना पूल नेल्यापासून लोक इथूनच पायी ओलांडत. काठाला बांबूची दाट राई होती. आणि राईच्या अलीकडे, पाण्याला लागून असलेल्या सपाट दगडावर, भगवतीबाईंच्या निळ्या रबरी चपला आणि इनूच्या लाल सँडली ठेवलेल्या होत्या. शेजारी शेजारी, अंगठे पाण्याकडे. सँडलींचे पट्टे नीट सोडवलेले.

"नवीन," चंद्रिका म्हणाली.

लग्न झाल्यापासून ती त्याला 'अहो'च म्हणत आली होती. नावाने हाक ऐकल्यावर त्याला पुढचं काही विचारावं लागलं नाही. त्याने दगडाकडे पाहिलं, काठी टाकली आणि बूट-मोज्यांसकट पाण्यात उतरला.

चंद्रिका दगडाशी बसली आणि लाल सँडली उचलून छातीशी धरल्या. आतून त्या अजून उबदार आहेत की उन्हाने तापल्या आहेत, ते कळेना. तिने आयुष्यात कुठल्याही देवीकडे काही मागितलं नव्हतं. परीक्षेच्या वेळीसुद्धा नाही. आता तिने मान वर केली आणि त्या लाल चिंधीकडे पाहिलं. माई, सकाळी हसले ती मी. तिला काही करू नकोस. पोरगी धड दिसू दे, मी तुझ्याभोवती पाच फेऱ्या घालीन. उजव्या हाताला घेऊन घालीन. इथूनच सुरू करीन आणि मधे मागे फिरणार नाही.

असं म्हणून डोळे पुसले तेव्हा तिला राईच्या सावलीत काळ्या दगडावर काहीतरी चकाकताना दिसलं. ओलं पाऊल. त्याच्या पुढे अगदी लहान, बशीएवढं दुसरं. ती वाकून बांबू बाजूला सारत आत शिरली. आत दगडी पायऱ्या होत्या, बाहेरून न दिसणाऱ्या, आणि एकेका पायरीवर मोठं आणि लहान, मोठं आणि लहान, वाळत चाललेल्या पाण्याचे ठसे वर गेले होते.

ती राईत असतानाच पलीकडच्या काठावर सायकलची घंटी वाजली. दुधाचे डबे लावून सत्यनारायण दूधवाला चालला होता. त्याने एक पाय जमिनीवर टेकवला.

"काय शोधताय?"

नवीनने हाताने दगडाकडे दाखवलं. दगडावर आता फक्त बायकी चपला होत्या.

"बोंद्ये, देवा रे," सत्यनारायण हळूच म्हणाला. "कुठली माणसं?"

"क्वात्र बॉर्न," नवीन म्हणाला. पत्ता विचारला की द्यायचा, ही सरकारी नोकरीची सवय.

सत्यनारायणने जास्त विचारलं नाही. डबे वाजवत तो पुढच्या वळणावर नदी ओलांडून लाशासच्या वाटेला लागला. चंद्रिका राईतून बाहेर आली तेव्हा त्याची पाठच दिसली.

"वर गेल्यात," ती म्हणाली. "वर, देवळाकडे. पावलं आहेत. बाहेर या पाण्यातून."

नवीन पाण्यात उभा राहिला, मग वाकून त्याने गुडघ्यांवर हात ठेवले. "चपला काढून," तो शेवटी म्हणाला. "अर्थात. देवीकडे जायचं तर चपला काढून, पाय धुऊन. आपण काय विचार केला?"

आपण म्हणजे कोण, हे चंद्रिकेने विचारलं नाही.

वर जाऊन पाहतात तर कालीमाईचा ओटा रिकामा. पणती जळत होती, एक केळं होतं, ताजी जास्वंद होती आणि शेंगदाण्याची टरफलं होती. उतरायची वाट पलीकडच्या अंगाला होती. चंद्रिका कड्याशी धावली आणि तिला दरी सगळीच्या सगळी दिसली, ताटासारखी. ऊस, नदी, मामांचं घर. आणि खाली, तारेच्या कुंपणाला लागून, मुंगीएवढी पांढरी साडी आणि तिच्यापुढे लाल ठिपका. ज्या वाटेवर आपण बंदुकीला भिऊन दगडाआड बसलो होतो, नेमकी तीच. तिने हाक मारली. वारा उलटा होता. ठिपका झाडीत गेला.

"आपण खालून गेलो तेव्हा त्या वर होत्या," नवीन म्हणाला. आता त्याला सगळं कळलं होतं आणि म्हणून धीर आला होता. "सोपं आहे. तू इकडून उतर आणि त्यांच्या मागून जा. मी आल्या वाटेने खाली जाऊन उसातून घर गाठतो, ती वाट जवळची. पुढून मी, मागून तू. मधून सुटतील कुठे?"

सकाळीही त्याने असंच काहीतरी विचारलं होतं. पण वाद घालायला वेळ नव्हता, आणि उतरायची वाट देवीला उजव्या हाताला ठेवून जात होती. चंद्रिका आधी पायऱ्या उतरून उताराच्या दगडाला हात लावून आली, कारण तिथूनच सुरू करीन असं ती बोलली होती. नवीन तोपर्यंत उसात शिरला होता.

लाशासच्या वाटेवर ती एकटी. पाट्या परत वाचाव्या लागल्या नाहीत, त्या पाठ झाल्या होत्या. गवतात काही सरसरलं की ती थांबायची, सँडली छातीशी धरायची, आणि पुढे जायची. एकदा कुंपणाआडून एका हरणाने तिच्याकडे पाहिलं. दोघंही सारखीच घाबरलेली. मग कुणीतरी समोरून येत असल्याची चाहूल लागली, धापा टाकल्याचा आवाज, आणि वळणावर भगवतीबाई प्रकट झाल्या. अनवाणी, पदर सुटलेला, काखेत इनू, चेहरा राखेसारखा. आणि त्या उलट्या येत होत्या. देवी त्यांच्या डाव्या हाताला होती.

"तू बुडलीस ना?" भगवतीबाई म्हणाल्या.

"मी?"

"सत्यनारायण बोल्ला. उतारावर क्वात्र बॉर्नची बाई गेली, नवरा पाण्यात धुंडतोय. मी म्हटलं, बाई कोण, माझीच सून. दुसरी कोण मरायला येती क्वात्र बॉर्नहून?" त्यांचा आवाज फुटला. त्यांनी इनूला खाली ठेवलं आणि चंद्रिकेच्या दंडाला, खांद्याला, गालाला हात लावून पाहिला. "कोरडी हायस."

चंद्रिकेने इनूला उचललं. पोरगी गरम, जड, शेंगदाण्यांच्या वासाची. तिचे पाय, गुडघे, कोपरं, कान बघून झाले. सगळं होतं तिथेच होतं. "ममा, सँडली," इनू म्हणाली, आणि आईच्या मुठीतून त्या सोडवू लागली. मूठ सुटायला वेळ लागला.

"आई, तुम्ही उलट्या आलात," चंद्रिका म्हणाली.

"मग काय गोल फिरून आले असते? ती माई समजून घेईल. सुना काय झाडाला लागत्यात?" त्यांनी डोळे पुसले आणि आवाज पूर्ववत केला. "चल आता मागं. उतार इथंच हाय, माझ्या चपला तिथं."

"तुम्ही मघाशीच का नाही घेतल्या?"

"उतरायची वाट इकडं. चपलांसाठी मागं फिरले असते तर फेरी मोडली असती."

"मग मलाही मागे नाही फिरता यायचं, आई."

भगवतीबाईंनी सुनेकडे निरखून पाहिलं. बी. ए. झालेली ही मुलगी सकाळी मडक्याला हसली होती. अनवाणी पायाने त्या वळल्या आणि सुनेच्या मागून, उजवा हात टेकडीकडे ठेवून, चालू लागल्या.

मामांच्या घराचं दार सताड उघडं होतं. चुलीवर डाळ करपत होती. माणसांचा पत्ता नव्हता, फक्त कुंतीमामी पायरीवर बसून तोंडाला पदर लावून हुंदके देत होत्या. चंद्रिकेने "मामी" म्हटलं. मामींनी वर पाहिलं, आणि बसल्या बसल्या एक पायरी मागे सरकल्या. मग त्यांनी चंद्रिकेच्या चेहऱ्याकडे न बघता तिच्या पायांकडे पाहिलं.

"फुडं ये जरा," त्या बारीक आवाजात म्हणाल्या. "उन्हात ये. पाय दिसू देत."

"सरळ हायत गं पाय," भगवतीबाई मागून म्हणाल्या. "मी आधीच बगितलेत."

मग मामींना रडण्याऐवजी बोलता यायला लागलं. सत्यनारायणने दारोदार बातमी दिली. गोवर्धन दोर घेऊन निघाला, सगळा गाव बांबू घेऊन त्याच्यामागे. उसाच्या वाटेत त्यांना नवीन भेटला. चांगला चालत येत होता, शीळ घालत.

"मग?" चंद्रिकेने विचारलं.

"मग काय. तुझ्या मामांनी सांगितलं, उतारावर क्वात्र बॉर्नची बाई बुडाली. तो बोल्ला, मी आत्ताच तिला तिथं सोडून आलोय. बस. दोर हिसकला मामांच्या हातातनं आणि मागं पळाला. ओरडत होता म्हणं तुझं नाव. पोरं बोल्ली, रडत होता."

इनू सापडल्यावर चंद्रिकेच्या मनातली भीतीची जागा रिकामी झाली होती, तिथे आता नवीन येऊन बसला. दगडांवर शेवाळ होतं. त्याला पोहता येत नव्हतं. बूट भिजून जड झालेले. लग्नात त्याच्या काकाने सांगितलं होतं की आपल्या घराण्यात हृदय नाजूक असतं, आणि तेव्हा सगळे हसले होते. ती उसाच्या वाटेला लागली. नशिबाने तीच फेरीची पुढची वाट होती, नाहीतर देवीला दिलेला शब्द आणि नवरा यांतलं एक निवडायची पाळी आली असती. काय निवडलं असतं याचा तिने विचार केला नाही. कडेवर इनू, मागे सासूबाई, त्यांच्या मागे पाय तपासल्याशिवाय विश्वास न बसलेल्या कुंतीमामी.

कापलेल्या उसाची पाती पायाखाली करकरत होती. आवाज आधी आले, मग माणसं दिसली. उताराच्या दोन्ही काठांवर गाव उभा होता. बांबू पाण्यात खुपसणं चालू होतं. गोवर्धनमामा दोर धरून उभे होते आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला, कमरेला गाठ मारलेला, नवीन होता. गुडघाभर पाण्यात ओणवा होऊन तो एकेक दगड चाचपत होता, एखाद्या दगडाखाली अख्खी बायको मावेल अशा रीतीने. त्याचा शर्ट फाटला होता. चेहरा चंद्रिकेने कधी पाहिलेला नव्हता. म्हणजे पाहिला होता, रात्री उठून पोरीच्या नाकाशी बोट धरताना आरशात ओझरता दिसायचा तो. पण स्वतःचा.

काठावरचे लोक बाजूला झाले. एकदोघांनी तिचे पाय पाहिले.

भगवतीबाई पाण्याजवळ गेल्या, आपल्या चपला शोधून पायात घातल्या आणि म्हणाल्या, "काय शोधतोस रे?"

"चंद्रिकेला," नवीन मान वर न करता म्हणाला.

"ती हाय इथं."

त्याने मान वर केली. मग पाण्यातून तिच्याकडे येऊ लागला, पण दोर मामांच्या हातात ताणलेला होता आणि मामा इतके गहिवरले होते की दोर सोडायचं त्यांच्या लक्षात येईना. दोन पावलं येऊन तो अडकला. मग तीच पाण्यात उतरली, इनूसकट. त्याने एका हाताने तिचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने इनूचा पाय.

"तू जात नको जाऊस अशी," तो म्हणाला. "दिसत राहा."

"मी कुठे गेले होते? तुम्हीच सांगितलं, मागून जा म्हणून."

"मी काहीही सांगेन. तू दिसत राहा."

लोक हळूहळू पांगले. बांबू खांद्यावर टाकून जाताना त्यांची थोडी निराशा झाल्यासारखी वाटत होती. नवीन दगडावर बसून बुटांतलं पाणी काढत होता. चंद्रिका त्याच दगडाला हात लावून म्हणाली, "एक झाली."

"एक काय?"

"मी बोलले होते. इनूसाठी. पाच फेऱ्या. चार राहिल्या."

भगवतीबाई जरा घुटमळल्या. "मी अकरा बोल्ले," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी. सत्यनारायणने सांगितलं तवा. आणि मधी उलटी फिरले त्याची एक वेगळी."

दोघींनी नवीनकडे पाहिलं. सहज पाहिलं, तसं काही मनात नव्हतं. पण तो बुटाच्या आत फार लक्ष देऊन बघत होता.

"नवीन," त्याची आई म्हणाली.

"माझ्याकडे काय बघता?"

"किती?"

त्याने दुसरा बूट उचलला, उलटा केला. त्यातून काहीच निघालं नाही. "एकशे आठ," तो म्हणाला.

भगवतीबाईंनी टेकडीकडे पायथ्यापासून माथ्यापर्यंत पाहिलं, मग गोल जाणाऱ्या वाटेकडे. "अरे, पाच बोलायचं असतं," त्या दमलेल्या आवाजात म्हणाल्या. "फार तर अकरा. तिला माणसाच्या पायांची कल्पना असती."

"मला काय माहीत. मी कधी केलं होतं का हे?"

चंद्रिकेला हसू येत होतं, पण सकाळच्या हसण्याचं काय झालं ते आठवून तिने ते गिळलं. डाळ करपली होती, जेवायला तसाही उशीर होता, आणि इनू सँडली घालून वाटेला लागलीसुद्धा होती, योग्य बाजूने. तिघेही एकदम धावले. एक हात आईने धरला, दुसरा आजीने. तिसरा हात नव्हता, म्हणून नवीनने मागून फ्रॉकचा पट्टा धरला. कमरेचा दोर त्याने सोडला नव्हताच. त्याचं मोकळं टोक चंद्रिकेने न बोलता आपल्या मनगटाला गुंडाळलं, आणि सगळे लाशासच्या दिशेने निघाले.